रेडिओ मोठा कर

रामाजी : नाई म्हणजे नाईच. खटका फिरवला, थापट्या मारल्या, तार हलवून पाह्यली. साधं सूं करत नाई. मेला आहे हा.

भागीरथा : असं अभद्र नका बोलू भर दुपारी. आज माझा पत्रू गाणार आहे त्याच्यात. नीट पाहा, वरची तार निघाली असंल. सकाळपासून मोहाच्या झाडावर वांदरं नाचून राह्यले.

रामाजी : तार शाबूत आहे. या वयात झाडावर चढून आलो मी. मागचं झाकण काढलं, उंदरानं काई कुरतडलं नाई. बॅटरी संपली आहे, पत्रूची माय. दोन विटांएवढा खोका, अन् आतून रिता. दसऱ्याले चांद्याच्या साहेबानं आणून ठेवला तवा साऱ्या गावासमोर काय बोलला होता तो? का रामाजी, हा गावाचा रेडिओ तुमच्या घरी ठेवतो, तुमी जबाबदार माणूस. दिवस बुडाला का बातम्या ऐका, गाणी ऐका, बंद करा. होळीपर्यंत बिनघोर जाईल. होळी कुठी आहे आत्ता? दिवाळीनंतरची मंडई झाली नुसती. धान खळ्यात पडून आहे.

भागीरथा : काल आवाज बारीक येऊन राह्यला होता खरा. मले वाटलं माझाच दुसरा कान गेला. एक त गेलाच आहे.

रामाजी : काल मलेही बातम्या विहिरीच्या तळातून आल्यावानी ऐकू आल्या. पण मी म्हटलं, आभाळ आहे, म्हणून असंल.

भागीरथा : मग दुसरी बॅटरी घाला न.

रामाजी : दुसरी काय ओसरीत टांगून ठेवली आहे? चांद्याहून येते ती. मोटार उद्या. पोरगा आज दिवेलागणीले गाणार.

भागीरथा : अहेरीले रेंजरच्या बंगल्यावर आहे म्हणतात रेडिओ. तिथी जाऊ. मी चालते तुमच्या मागं.

रामाजी : तुह्ये गुडघे घेऊन? मधात सारं रान. पोचेपर्यंत पोरगा गाऊन जेवायले बसला असंल. बस खाली.

भागीरथा : गावभर सांगून आले मी. बुधरीले सांगतलं, सोमारीले सांगतलं, त्या दोघी मोहफुलं शिजवून आणणार होत्या साऱ्यांसाठी. दसऱ्यापासून दंडार घेऊन गावोगाव फिरणारं, कमरेले घुंगरं बांधून नाचणारं माझं पोरगं, त्याले नागपूरच्या रेडिओवाल्यांनी बोलावून नेलं. अन् ऐकणार कोण? त आम्ही सोडून सारं जग.

रामाजी : मी कोतवाल झिंगूले सांगून आलो. म्हटलं, गावात फिरून सांग, रेडिओ बंद पडला, कोणी येऊ नका. त्यानं माझ्या तोंडाकडे असं पाह्यलं का जमीन फाटती त बरं होतं. मग काय म्हणते, रामाजीभाऊ, बंद नाई पडला, तुमी संपवला.

भागीरथा : झिंगूची जीभ झडो. असं काऊन म्हणंल तो?

रामाजी : तेच विचारलं. त म्हणते, मागच्या आठवड्यात मी पहाटे शेतातल्या जागलीवरून घरी येत होतो, त तुमच्या ओसरीतून तेलंगी बोलणं ऐकू आलं. बाई बोलून राह्यली होती, डब्यातली. आता सांग. मी दसऱ्यापासून रात्री राखणीले, आधी शेतात, आता खळ्यावर. तू मागच्या खोलीत, अन् तुले नगारा वाजवला तरी जाग येत नाई. ओसरीत रेडिओपाशी झोपते कोण? अन् या घरात तेलंगी समजते कोणाले?

भागीरथा : राजक्का असं नाई करणार.

रामाजी : बोलाव तिले. नाईतर राहू दे, आलीच आहे ती. सूनबाई, घागर खाली ठेव अन् इथी ये. खरं सांगजो. आम्ही झोपल्यावर तू रेडिओ लावत होतीस का?

राजक्का : लावत नव्हते, मामाजी. लागलेलाच असते तो.

रामाजी : काय?

राजक्का : रात्रभर लागलेला असते. सकाळी कोंबडा ओरडला की मी बंद करते. मग पाण्याला जाते.

भागीरथा : रात्रभर? पोरी, तू काय बोलून राह्यलीस तुले समजते का?

रामाजी : ऐकलंस न? तिच्या तोंडानं ऐकलंस. रात्रभर. दसऱ्यापासून रात्रभर. अन् तेलंगी?

राजक्का : ते एकदाच आलं. आपोआप. मी काट्याला हात नाही लावला, देवाशपथ. नागपूर झोपते न, त्याच्यानंतर नुसतं सूंऽऽ करते. त्या दिवशी सूं-सूं मधून एक बाई बोलायला लागली, आमच्याकडे बोलतात तसं. धानाला कीड लागली त काय करायचं, एवढंच सांगत होती. मी उठून बसले. मग रडले मी. वैशाखात लग्न झालं, तवापासून माझ्या भाषेत कोणीच बोललं नाही माझ्याशी. मग ती बाई गेली. परत आली नाही कधी.

रामाजी : अन् त्या बाईची वाट पाहत तू रोज रात्री गावाचा रेडिओ जाळत बसलीस. चोरून. माझा पोरगा घरी नाई, म्हातारी बहिरी, सासरा खळ्यावर. चांगलं साधलं. पत्रूची माय, हिचं गाठोडं बांध. उद्याच्या मोटारीनं मी स्वतः हिले सिरोंच्याले पोचवतो. हिच्या बापाले सांगतो, घ्या तुमची पोरगी. माझं नाव माती झालं गावात, ते काई परत येत नाई, पण चोरटं माणूस मी घरात ठेवत नाई.

राजक्का : मामाजी, मी चोरून नाही केलं. मी सांगितलं तसं केलं.

रामाजी : कोणी सांगतलं?

राजक्का : आत्याबाईंनी.

भागीरथा : मी? माझ्या डोळ्यात पाहून बोल, पोरी. मी काय सांगतलं तुले? मी त रोज झोपायले जाताना, एक दिवस चुकला नसंल, दारातून आवाज देऊन सांगते का राजक्का, रेडिओ मोठा कर अन् झोप.

राजक्का : हो. तेच. रोज सांगता. अन् मी रोज मोठा करते.

रामाजी : थांब. थांब जरा. मोठा करते म्हणजे कसा करते? इथी ये, हात लावून दाखव.

राजक्का : हा खटका. असा उजवीकडे. जेवढा फिरते तेवढा, पूर्ण. पुढे जातच नाही, तिथपर्यंत.

रामाजी : अरे देवा.

भागीरथा : काय झालं? काय दाखवलं तिनं? तुमी असे भिंतीले काऊन टेकले?

रामाजी : पत्रूची माय, तू तिले म्हणलीस मोठा कर. तिनं मोठा केला.

भागीरथा : मोठा कर म्हणजे, अगं बाई, मोठा कर म्हणजे मालव. बंद कर. हे काय सांगायची गोष्ट आहे? दिवा मोठा कर म्हणतो न आपण. घरात दिव्याले विझव कोण म्हणंल? विझवतात ते मसणात. सांजवेळी तसलं तोंडातून काढू नाई म्हणून माझ्या आजीपासून सारे दिवा मोठाच करतात. अन् ह्या डब्यातही मागून पाह्यलं का लाल-लाल दिसते, दिव्यावानी. म्हणून मी त्यालेही तसंच म्हणत गेले. माझ्या मनातच नाई आलं का दुसरं काई म्हणावं.

राजक्का : मला कोणी नाही सांगितलं हे. आमच्याकडे दिवा बंद झाला त म्हणतात, दिवा डोंगरावर चढला. ते मला माहीत आहे. मोठा म्हणजे मोठा, असंच मी समजले. मराठी मी इथी येऊनच शिकले न, आत्याबाई, तुमच्याकडूनच शिकले.

रामाजी : पण पोरी, रात्रभर सूं-सूं करणारा डबा उशाशी. तुले एकदाही वाटलं नाई का हे काऊन करतात म्हणून?

राजक्का : वाटलं. मग मीच मनात उत्तर काढलं. आपलं घर गावाच्या टोकाला, मागं रान. मामाजी खळ्यावर, घरी बाया-बाया. मला वाटलं जनावर येऊ नये म्हणून रात्री आवाज चालू ठेवत असतील. तुम्ही पण खळ्यावर डबा वाजवता न डुकरांसाठी. अन् मला वाटलं, तो बोलत नाही, नुसता सूं करते, त त्याला खर्च काय येणार? बोलला तर खाते. गप्प आहे तर काय खाते?

रामाजी : खाते, माय. तितकंच खाते. साहेबानं सांगतलं होतं मले, मीच कोणाले सांगतलं नाई, मले वाटलं मोठेपणाची गोष्ट आहे, आपल्यापाशी असू द्यावी. आतल्या तारा तापलेल्या राहतात. चूल पेटली का वर भाजी ठेवा का नका ठेवू, लाकूड जळतेच. तसं आहे ते. रात्र-रात्र नुसती चूल पेटलेली होती, अन् वर काईच नाई.

भागीरथा : म्हणजे मीच. माझ्याच तोंडानं. रोज रात्री दारात उभं राहून मी माझ्या पोराचं गाणं खाऊन टाकलं.

रामाजी : आता तू नको सुरू होऊ.

भागीरथा : थांबा. मले एक विचारू द्या. राजक्का, मग दिवा? ओसरीतला कंदील? त्यालेही मी म्हणत होते मोठा कर.

राजक्का : तो पण मोठा करत होते. वात चढवत होते. तुम्ही एकदा पाहिलं पण होतं. काही बोलल्या नाही. उलट हसल्या.

भागीरथा : पाह्यलं होतं न. मी म्हटलं, नवी पोरगी आहे, नवरा घरी नाई, अंधाराले भेते. सांगतलं मालव अन् ही वात चढवते, त राहू द्या. जळू द्या. बोलायचं काय त्याच्यात. तेल लवकर संपे त मी ह्यायले सांगतलं का तेलाचा डबा गळते म्हणून.

रामाजी : अन् तो चांगला डबा घेऊन मी आलापल्लीपर्यंत गेलो झाळ लावायले. झाळवाला म्हणे, भोक कुठी आहे दाखवा. मी त्याच्याशी भांडून आलो.

राजक्का : मला वाटत होतं तुम्हीच मला सांगता दिवा मोठा कर, कारण तुम्हाला कळलं मी भिते. मी आईला निरोप धाडला होता, पोचूमामासोबत. का सासू चांगली आहे, रात्री मोठा दिवा लावून झोपू देते. आमच्या घरी पण एवढा मोठा दिवा नव्हता.

रामाजी : मी तुले चोरटं म्हणलो, सूनबाई. गाठोडं बांध म्हणलो.

राजक्का : हो, म्हणाले तुम्ही.

रामाजी : ते परत घेतो म्हणलं त परत येते का ते?

राजक्का : नाही येत. पण मी गाठोडं नाही बांधलं अजून. ते आधी सांगा, आज ऐकू येईल का नाही. ते तिथी गाणार, अन् आपण इथी असेच एकमेकांकडे पाहत बसायचं? जाताना ते एवढंच बोलले होते माझ्याशी, का रेडिओपाशी बस, मी गातो. दुसरं काही सांगायला वेळच नव्हता, साथीदार बैलगाडीत बसले होते.

रामाजी : एक करता येते. हातातल्या बॅटरीचा उजेड मंद झाला का मी तिचे सेल उन्हात ठेवतो, त थोडा वेळ जीव धरतात. हा खोका मोठा आहे, पण जात तीच. आत्ता पाठीमागच्या दगडावर ठेवतो. ऊन उतरलं का चुलीपाशी. अन् तोपर्यंत कोणी खटक्याले हात लावायचा नाई. पाहू म्हणूनही नाई. जे काई दोन घोट उरले असतील ते त्याच्या गाण्यासाठीच ठेवायचे.

भागीरथा : मी बसते दगडापाशी. वांदरं उचलून नेतील. नाई, मले काई सांगू नका. मी बसते.

(संध्याकाळ. ऊन आणि चुलीची ऊब खाल्लेली बॅटरी रेडिओला पुन्हा जोडलेली. ओसरीत तिघंच.)

रामाजी : आता फिरवतो. कोणी बोलू नका.

भागीरथा : आला? काई आलं का? मले काईच नाई ऐकू येऊन राह्यलं.

रामाजी : मागून लाल दिसते. अगदी बारीक, पण दिसते. आवाज मात्र, नाई. मलेही नाई येत. कान लावला त सूं, अन् ते माझंच रक्त असंल.

राजक्का : येऊन राह्यलं.

रामाजी : कुठी?

राजक्का : सरका, मामाजी. हे कापड आहे न समोरचं, त्याला कान चिकटवला त येते. माणूस बोलून राह्यला. मुंगीएवढा. धानाचं बी... पुढच्या सालचं बी निवडून ठेवा म्हणते.

भागीरथा : मले लावू दे. सरक. हा कान नाई, दुसरा. नाई येत गं. काईच नाई येत. माझ्या पोराचा आवाज अन् मले येत नाई.

रामाजी : रडू नको, तिचं ऐकणं जाईल. पत्रूची माय, तिलेच राहू दे तिथी. रात्र-रात्र ह्या डब्याजवळ झोपून तिचा कान तयार झाला आहे. ती ऐकंल अन् आपल्याले सांगंल.

भागीरथा : हो. बस तू, राजक्का. नीट बस. ही पोत्याची घडी घे खाली. शब्द न शब्द सांगजो, काई गाळू नको. तुले समजलं नाई तरी जसा येईल तसा सांग.

राजक्का : बी झालं. आता बाजा. पेटी वाजते. संपली. आता परत तो माणूस. म्हणते, आता ऐका, चांदा जिल्ह्यातली दंडार. गाणार आहेत...

भागीरथा : कोण? नाव घेतलं का? कोणाचं घेतलं?

राजक्का : घेतलं.

भागीरथा : कोणाचं, सांग न.

राजक्का : त्यांचं. तुमच्या पोराचं.

भागीरथा : तसं नको. तो जसा म्हणाला तसं सांग. पूर्ण. मले ते ऐकायचं आहे, नागपूरच्या माणसानं कसं म्हटलं ते.

राजक्का : आत्याबाई, मी कसं घेऊ त्यांचं नाव?

भागीरथा : आज घे. मी सांगते, घे. तू आज त्याची बायको नाई, त्या डब्याचं तोंड आहेस. कोणाले पाप लागत असंल त मले लागू दे.

राजक्का : ...श्री पत्रू रामाजी भोयर. अन् साथीदार.

भागीरथा : श्री म्हणाला?

राजक्का : श्री म्हणाला.

रामाजी : माझंही नाव घेतलं. ऐकलंस? नागपुरात माझं नाव घेतलं.

राजक्का : गप्प राहा न दोघं. सुरू झालं. ढोलकी... घुंगरं. आता तेच. त्यांचाच आवाज आहे, आत्याबाई, खाकरले आधी.

भागीरथा : खाकरतोच तो. लहानपणापासून. काय म्हणते?

राजक्का : कोणी सांडला गं मोह, पहाटेच्या पाराला. येचून येचून भरली पाटी, कडी नाही दाराला.

भागीरथा : चालीत म्हण गं. असं वाचल्यावानी नको. तो जसा म्हणते तसं.

राजक्का : कोणी सांडलाऽ गं मोह... पहाटेच्या पाराला... येचून येचून भरली पाटीऽ, कडी नाही दाराला...

भागीरथा : कडी नाही दाराला. वर नेला त्यानं, हो न? दाराला म्हणताना वर नेते तो. माझ्या अंगावर काटा आला, पाहा. पुढं?

राजक्का : कोण आलं कोण गेलं... माग नाही गं वाटेला. झाडाखालची बाई पुसे... झाडाखालची... बाई पुसे...

रामाजी : सूनबाई.

राजक्का : बाई पुसे... आपल्याच सावलीला...

रामाजी : सूनबाई, जरा इकडे पाह्य. हळू बोलतो मी, तिले ऐकू नाई येत एवढं. मागून लाल दिसत नाई आता. कितीतरी वेळचं दिसत नाई.

राजक्का : माहीत आहे, मामाजी.

रामाजी : कधी गेलं ते?

राजक्का : पाटी भरली तवाच. पुढचं मला येते. मी ढेंकीवर धान कांडताना ते बाजूला बसून हेच म्हणत होते. तुम्ही तोंड तिकडे करा, तुमचे डोळे पाहून आत्याबाईंना समजेल.

भागीरथा : काय कुजबुजता दोघं? गाणं चालू असताना बोलतात का? काऊन थांबलीस गं, बंद पडलं का काई?

राजक्का : नाही, आत्याबाई. दम घेऊन राह्यले ते. आता म्हणतील.